शेवटच्या नळाला पहिलं बक्षीस

दर डिसेंबर-जानेवारीत तालुक्यातालुक्यांत विज्ञान प्रदर्शनं भरतात आणि महाराष्ट्राचा पाणीप्रश्न दोन दिवसांपुरता सुटतो. थर्माकोलच्या डोंगरात निळ्या रंगाचं धरण असतं. धरणातून सलाईनच्या नळीनं पाणी खाली उतरतं, पुठ्ठ्याच्या गावात पुठ्ठ्याच्या प्रत्येक घराला नळ असतो आणि शेजारी इस्त्रीच्या गणवेशातली सातवीची मुलगी एका दमात आदर्श पाणीपुरवठा योजना म्हणून दाखवते. परीक्षक जवळ आले, की टेबलाखाली बसलेला तिचा जोडीदार बादलीतला पंप सुरू करतो. नळातून थेंब पडतात, परीक्षक मान डोलावतात, गुण मांडतात, पुढच्या टेबलाकडे सरकतात. पंप बंद.

शाळेत शिकलेलं पुढे उपयोगी पडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांखालून घालावा. याच मुलांतून पुढे शाखा अभियंते, ठेकेदार आणि लोकप्रतिनिधी निघतात. उद्घाटनाच्या दिवशी नळाला पाणी कसं आणायचं आणि पाहुण्यांची गाडी वळली की ते कसं थांबवायचं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. सरकारलाही या कलेची कदर आहे. 2018च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलची ताटं गेली, गणपतीची मखरं गेली. प्रदर्शनातली धरणं मात्र सहीसलामत आहेत.

आमचा प्रदर्शनाला विरोध नाही. फक्त पाणीपुरवठा योजनांची स्पर्धा वेगळी काढावी, ती रायगड जिल्ह्यात गडबला भरवावी आणि तिचे नियम आम्ही करावेत, एवढीच नम्र सूचना आहे. गडबच का? पेण तालुक्यातलं हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं, की लागतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला आंबेची खाडी, वर धो धो पाऊस आणि शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना. पाण्याच्या विषयाला लागणारं सगळं साहित्य हाताशी आहे. शिवाय परीक्षक याच महामार्गानं येणार. त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू असल्यामुळे ते वेळेवर पोचण्याची धास्ती नाही. मुलांना तयारीला वेळ मिळेल.

आता नियम.

नियम पहिला, तारखेचा. स्पर्धा मे महिन्याच्या मध्यावर होईल. डिसेंबरात विहिरी भरलेल्या असतात, त्या वेळी पाणीपुरवठा योजना कोणालाही जमते. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, अशी हरकत शिक्षण विभाग घेईल. पाणीही तेव्हा सुट्टीवरच असतं. विद्यार्थ्यांची आणि त्याची गाठ पडायला दुसरा मुहूर्त नाही.

नियम दुसरा, स्रोताचा. प्रत्येक गटानं नकाशा काढावा आणि धरणातून निघालेलं पाणी नेमकं कुठे जातं, ते बाणानं दाखवावं. भूगोलाच्या पुस्तकाचा आधार घेऊ नये, गुण जातील. पुस्तकात पाणी उताराकडे वाहतं. इथे ते शहराकडे वाहतं. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी सिडकोच्या जलवाहिनीतून उलवे-द्रोणागिरीकडे जातं. मोरबे धरण शेजारच्या खालापूर तालुक्यात आहे आणि ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. नव्या मुंबईत एक वाशी आहे, तिथे मोरब्याचं पाणी येतं. पेणच्या खारपाटात दुसरी वाशी आहे, तिथल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आल्या आहेत. म्हणजे वाशीला रायगडच्या धरणाचं पाणी हवं असेल, तर आधी ठाणे जिल्ह्यात जावं लागतं. हा बाण जो विद्यार्थी न अडखळता काढील, त्याला पाच गुण जादा.

नियम तिसरा, शेवटच्या घराचा. परीक्षक टाकीजवळचा नळ बघणार नाहीत. ते थेट गावाच्या टोकाला जातील. जलकुंभाची उंची म्हणजे पाण्याचा दाब. नळी जितकी लांब आणि अरुंद, तितका तो दाब घर्षणात खर्च होतो. वाटेत दहा नळ उघडे असले, तर अकराव्याच्या वाट्याला नुसती हवा येते. एवढं नववीच्या मुलालाही कळतं. पण खरी प्रतिकृती हवी, तर चौथ्या घराच्या जोडणीला एक टिल्लू पंप लावावा. तो सरपंचांच्या भावकीतला असावा, म्हणजे कोणी तो काढायला सांगणार नाही. हा पंप ओढू लागला, की पुढची गल्ली कोरडी पडते. दोन दिवसांआड तासभर पाणी सुटत असेल, तर मधल्या काळात रिकामी जलवाहिनी फुटलेल्या सांध्यांतून गटारातलं पाणी आत ओढून घेते. विद्यार्थ्यांनी हेही दाखवावं. शेवटच्या घरातल्या आजीनं विचारलं, "पानी आयलं का रं?" तर काय उत्तर द्यायचं, ते तोंडी परीक्षेत विचारलं जाईल.

आणि ते शेवटचं घर आदिवासीवाडीवरच का असतं, हा प्रश्न अनिवार्य राहील. पर्याय नाहीत. उत्तर लिहिताना याच जिल्ह्यातल्या महाडची 20 मार्च 1927 ही तारीख लक्षात ठेवावी. चवदार तळं त्या दिवशीही भरलेलंच होतं. प्रश्न पाणी किती आहे हा नव्हता, त्याला हात कोण लावणार हा होता.

नियम चौथा, हिशेबाचा. प्रतिकृतीबरोबर पुढच्या दहा वर्षांचं वीजबिल जोडावं. टाकी बांधायला पैसा मिळतो, कारण टाकीवर नाव लिहिता येतं. वीजबिलावर फक्त ग्राहक क्रमांक असतो. इथे आम्ही गावकऱ्यांनाही सोडणार नाही. पाणीपट्टी भरायची नाही, वॉलमनचा पगार थकवायचा, पंपाची वीज तोडली की पंचायतीसमोर हंडामोर्चा काढायचा आणि मोर्च्याहून परतताना टँकरवाल्याला रोख मोजायचे, हा उपक्रम फक्त सरकारी यंत्रणेला जमत नाही. त्याला लोकसहभाग लागतो.

नियम पाचवा, कागदाचा. 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशन जाहीर झालं. 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, असं ते वचन होतं. 2025च्या अर्थसंकल्पात मुदत 2028 पर्यंत वाढली. विद्यार्थ्यांनी यातून योग्य बोध घ्यावा. गृहपाठ झाला नाही, तर "कुत्र्यानं वही फाडली" असलं काही सांगू नये. "उपक्रमाला मुदतवाढ देण्यात आली आहे" असं वहीवर लिहून आणावं.

नियम सहावा सर्वांत महत्त्वाचा. पुढील प्रकारची प्रतिकृती स्पर्धेतून बाद करण्यात येईल. समजा, एखादी मुलगी आली. तिच्या टेबलावर धरण नाही, जलकुंभ नाही, पंप नाही. एक कौलारू घर आहे, पागोळीला पन्हळ आहे आणि पन्हळीखाली झाकणाची टाकी आहे. ती म्हणेल, "रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माझ्या घराचं छप्पर 50 चौरस मीटर आहे, म्हणजे त्यावर दीड लाख लिटर पाणी पडतं. वीस टक्के वाया गेलं, तरी 1 लाख 20 हजार लिटर उरलं. पाच माणसांना रोज 55 लिटरप्रमाणे वर्षाला लागतं सुमारे एक लाख लिटर. सगळं साठवायला जागा नाही, हे कबूल. पण नुसतं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी धरलं, माणशी आठ लिटर, तर कोरड्या आठ महिन्यांना साडेनऊ-दहा हजार लिटर पुरतं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं गाळून टाकीत घ्यायचं."

या मुलीला परीक्षकांनी प्रेमानं, पण ठामपणे खाली बसवावं. तिचं गणित बरोबर आहे, हाच तिचा दोष आहे. या योजनेत निविदा कुठे आहे? खोदलेला रस्ता कुठे आहे आणि तो बुजवण्याची दुसरी निविदा कुठे आहे? मोजमाप पुस्तिकेत काय लिहायचं, पन्हळ? टँकरवाल्यानं कुठे जायचं? कोनशिला बसवायची तर ती बाईच्या स्वयंपाकघरात बसवायची काय? तालुक्याची अर्थव्यवस्था कोलमडवणारं ज्ञान शाळेत देणं बरं नव्हे. मुलीला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र द्यावं आणि तिच्या शिक्षकांकडून खुलासा मागवावा.

राहिला बक्षीस समारंभ. प्रमुख पाहुण्यांनी आपली सीलबंद पाण्याची बाटली प्रवेशद्वारावर जमा करावी. व्यासपीठावर त्यांच्यासाठी रिकामा पेला ठेवला जाईल आणि तो गडबच्या शेवटच्या नळावर नेऊन भरून आणण्यात येईल. पेला भरून आल्याशिवाय कोणालाही मनोगत व्यक्त करता येणार नाही. यंदा रोख बक्षिसांसाठी तरतूद झालेली नाही. पण दुसऱ्या पाळीचं पाणी सुटेपर्यंत एकही भाषण ऐकावं लागणार नाही, हेच सर्व सहभागी विद्यार्थ्यांना पहिलं बक्षीस समजण्यात यावं.