सायकलशास्त्री

हिंजवडीतल्या कुठल्याही मोठ्या कंपनीत, जिथे ड्रायव्हर आणि फर्मवेअर लिहिणारी मंडळी बसतात त्या ओळीच्या टोकाला, एक सायकलशास्त्री असतोच. ‘हे फंक्शन किती वेळ घेतं हो?’ असं विचारलंत की तो सावकाश खुर्ची वळवतो आणि म्हणतो, ‘कुठल्या घड्याळाने?’

टेबलावर तीसेक सेंटिमीटर तारेचा तुकडा. एका नॅनोसेकंदात प्रकाश जातो तेवढी लांबी. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर बाई अशा तारा व्याख्यानांत वाटायच्या. आमचे शास्त्री वाटत नाहीत, पोरांवर उगारतात.

मिलिसेकंद हा शब्द त्यांना ऐकवत नाही. तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरवर तेवढ्यात तीस लाख ठोके, म्हणजे सायकल, पडतात! सिस्टिमच्या घड्याळावर तर काडीचा विश्वास नाही; ते नेटवर्कवरून दुरुस्त होतं, प्रसंगी मागेही सरकतं. श्रद्धा एकीवरच, 1993 च्या पेंटियमपासून चालत आलेल्या, ठोक्यांचा आकडा वाचून देणाऱ्या आरडीटीएससी या इन्स्ट्रक्शनवर. तीही डोळस. प्रोसेसर लिहिलेला क्रम पाळतोच असं नाही, काम उरकायच्या आत शेवटचा ठोका नोंदून मोकळा होतो. म्हणून मागेपुढे एलफेन्स या इन्स्ट्रक्शनचं कुंपण. मग सोवळं सुरू: टर्बो बंद, प्रोग्रॅम एकाच कोअरला बांधलेला, ब्राउझर तर नजरेसमोर नको. पहिल्या फेऱ्या मोजायच्याच नाहीत, कॅशे तापू दे. मोजण्याला लागलेला वेळही वजा करायचा. कुणी भाबडेपणाने ‘सरासरी काढू?’ म्हणालं की संपलंच. ‘सरासरीत इंटरप्टचाही वेळ येतो. किमान आकडा बघ!’

एकदा एका नव्या पोराचा कोटभर फेऱ्यांचा लूप जवळजवळ शून्य वेळात संपला. पोरगा पेढे घेऊन आला. शास्त्रींनी एक पेढा तोंडात टाकत विचारलं, ‘उत्तर कुठे वापरलंयस?’ कुठेच नव्हतं. ज्याचं उत्तर कुणालाच नको तो लूप कंपायलरने आख्खा उडवला होता. शास्त्रींनी दुसरा पेढा उचलला.

माणूस वैताग आणतो, हे मान्य. पण त्यांनी दिलेला आकडा दुसऱ्या दिवशी बदलत नाही, आणि आमच्या मजल्यावर असं दुसऱ्या कुणाबद्दल म्हणता येत नाही. तुमच्याकडे असा कुणी असेल तर आपला आकडा त्याला जरूर दाखवा. फक्त आधी डबा खाऊन घ्या. तिथून लवकर सुटका नाही.