छान माहिती, सर!

आमच्या आळीत तीन दारं सोडून एक बाई राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. परवा तिन्हीसांजेला ओट्यावर उभ्या राहून मोबाइल आकाशाला दाखवत होत्या. मुरुडात याला रेंज शोधणं म्हणतात. म्हटलं, काय चाललंय? म्हणाल्या, "प्रशिक्षण."

ऑनलाइन. कुठलं, ते विचारू नका. व्हिडिओ पाहायचा, पीडीएफ उघडायची, प्रश्नमंजुषा सोडवायची आणि मधे एक पायरी असते: 'आपले विचार मांडा'. त्यावर बोट ठेवलं की एक ब्लॉग उघडतो. वर प्रश्न, खाली प्रतिसादांची रांग. शिक्षकांनी आपला अनुभव लिहावा, दुसऱ्याचा वाचावा, दोघांनी शहाणं व्हावं, अशी कल्पना. कल्पनेत खोट काही नाही. बाईंनीही ती पायरी अर्ध्या मिनिटात पार पाडली. वरच्या कुणाचा तरी प्रतिसाद उचलला आणि खाली चिकटवला.

"अहो, वाचून तरी बघा," मी म्हटलं.

मजकूर असा होता: 'मी एक शिक्षक असून माझी शाळा अतिदुर्गम डोंगराळ भागात आहे.' बाईंच्या वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो.

"शिक्षक तर शिक्षक," बाई म्हणाल्या. "हिरवी खूण आली ना!"

मी फोन मागून घेतला आणि रांग ओढत खाली गेलो. त्या एका डोंगरावर अकरा शाळा भरलेल्या मोजल्या. अधूनमधून 'छान माहिती, सर'. हे सर कोण, कळेना. पानावर नुसता प्रश्न होता, माहिती कुणी दिलेलीच नव्हती. मग 'खूप उपयुक्त', जोडलेले हात, उभारलेले अंगठे, 'माझं ऐंशी टक्क्यांवर अडकलंय' आणि 'प्रमाणपत्र कधी येणार?'. हा शेवटचा प्रश्न तेवढा मनापासून विचारलेला दिसत होता. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

आता कुणी म्हणेल, ही परदेशी थेरं, आपल्याकडे रुजायची नाहीत. चूक. ब्लॉग काढून देणारं 'ब्लॉगर' हे दुकान 1999 मध्ये निघालं आणि 2003 मध्ये गूगलनं ते विकत घेतलं. शिकणाऱ्यानं लिहावं आणि चारचौघांनी ते वाचावं, हा धंदा मात्र आपल्याकडे फार जुना. 1855 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विषय, मांग-महारांचं दुःख. वय चौदा. निबंध वहीतच राहिला असता तर दहापैकी सात गुण मिळवून रद्दीत गेला असता. छापला गेला, म्हणून आज जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनीही आपल्याला मान खाली घालून वाचावा लागतो.

साने गुरुजी तर आपल्या कोकणातले, पालगडचे. शिकवायला गेले खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. दैनिक, आणि तेही हातानं लिहून! पुढे 1928 मध्ये 'विद्यार्थी' मासिक निघालं, ते वेगळं. ब्लॉगला मराठीत 'अनुदिनी' असा एक गोड शब्द कुणीतरी काढला आहे. आपल्याकडच्या बहुतेक अनुदिन्यांची शेवटची नोंद बालदिनाच्या शुभेच्छांची असते आणि ती चार-पाच वर्षांपूर्वीची असते. लॉगिन, पासवर्ड यातलं काहीही नसताना गुरुजींचं दैनिक मात्र रोजच्या रोज निघत होतं.

आमच्या शाळेत वर्षातून एकदा हस्तलिखित निघायचं. सातवीत मी त्यात जंजिऱ्यावर लेख दिला. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलं की किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जे जे ऐकायला मिळतं, ते सगळं घातलं. समुद्राखालचं भुयार घातलं. पाचशे बहात्तर तोफा घातल्या. आमच्या वर्गावरच्या गुरुजींकडून वही परत आली तेव्हा समासात लाल शाईत दोनच शब्द होते: 'मोजल्यास काय?'

पुढच्या रविवारी गेलो. तटावरून चालत साठ मोजल्या. ऊन मी म्हणत होतं, खालून होडीवाला हाका मारायला लागला. लेखात लिहिलं, 'मी साठ तोफा मोजल्या, पुढच्या राहिल्या.' गुरुजींनी तेच हस्तलिखितात घेतलं. भुयार काढून टाकायला सांगितलं नाही, पण ते माझं मीच काढलं. पुढे आयुष्यात तीन-चार प्रमाणपत्रं मिळाली. त्या दोन शब्दांनी जेवढं शिकवलं, तेवढं त्यातल्या एकानंही नाही.

लाल शाई म्हणजेच प्रतिसाद, बाकी सगळं तंत्रज्ञान. समोर कुणीतरी वाचणारा बसलाय, तो उद्या विचारणार आहे, या धाकानं आणि या लालचीनं माणूस नीट लिहितो. ब्लॉग अभ्यासक्रमात घालायचा तो याच्यासाठी. चाळीस जणांमागे एक माणूस नेमा, ज्याचं कामच प्रत्येकाच्या लिखाणाखाली एक खरा प्रश्न टाकणं असेल. खर्च होईल म्हणता? होईलच. वाचणाऱ्याचा पगार द्यायचा नसेल तर लिहिणाऱ्याचा वेळ का खाता?

आपल्याकडे उलट झालं. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, पाठोपाठ 'तंत्रस्नेही शिक्षक' आले आणि गुरुजींच्या ब्लॉगांचं पेव फुटलं. त्यांवर शासन निर्णय मिळायचे, रजेचे अर्ज मिळायचे, चाचण्यांचे नमुने मिळायचे. अडल्यानडल्याला फार कामाला यायचे, मीही एक अर्ज तिथूनच उतरवून घेतलाय. फक्त त्या गुरुजींच्या वर्गात काल काय घडलं, ते शोधून सापडायचं नाही.

मग 2020. तीन जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या वाड्या आडव्या, विजेचे खांब आडवे, कौलं शेजाऱ्याच्या अंगणात. आणि त्याच काळात घोषणा ऐकू येत होती, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'. वीज कधी सुरू, ते त्यात नव्हतं. त्या दिवसांत इथल्या एखाद्या मुलानं वहीच्या पानावर 'आमची वाडी' लिहिलं असतं आणि ते पान कुणी जपलं असतं, तर आज आपल्या हातात काहीतरी असतं. आपण त्याला लिंक पाठवली.

आता तर सगळाच आनंद. विचार मांडायला यंत्र आलं आहे. दोनशे शब्द सांगा, दोनशे शब्द देतं, आणि डोंगराळ भाग हवा की सागरी तेही आधी विचारून घेतं. पायरी पूर्ण झाली की नाही, ते तपासायला पलीकडे दुसरं यंत्र. माणसाची गरज उरली ती ओटीपी टाकायला.

हे सगळं ऐकून बाई चिडल्या. "तुम्हाला लिहायला काय जातं? मतदारयादी मी करायची, पोषण आहाराची माहिती मी भरायची, आणि रात्री दहाला ग्रुपवर येतं, अमुक केंद्राचे इतके जण बाकी, नावासकट. त्यात विचार कुठून मांडू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन परत करण्याआधी उगाच आणखी थोडं खाली गेलो.

तिसाव्या की एकतिसाव्या जागी एक प्रतिसाद इंग्रजी लिपीतल्या मराठीत होता. अक्षर लावत वाचावा लागला. कुणी शिक्षकानं लिहिलं होतं की आमच्या वाडीतली मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाला परततात. तोवर जोडाक्षरं विसरलेली असतात. पुन्हा पहिल्यापासून घेतो, जमायला लागतं, की दिवाळी येते. तुम्ही कसं करता?

एवढ्या रांगेत हा एकच माणूस खरोखर विचार मांडून गेला होता. त्याच्या बरोब्बर खाली होतं, 'छान माहिती, सर'. तारीख बघितली, चौदा महिने झाले होते.

बाईंनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, "माझ्याकडेही तीन आहेत अशी. कातकरवाडीतली." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तेवढ्यात रेंजही गेली.

तर वाचकहो, वीटभट्टीवरून परतलेल्या मुलांना पुन्हा वर्गात बसवण्याची एखादी युक्ती तुमच्यापैकी कुणाला साधली असेल, तर चार ओळी या सदराच्या पत्त्यावर पाठवा. साध्या पोस्टकार्डावर चालतील. बाईंपर्यंत मी पोचवीन, तीन दारं सोडून तर घर आहे. मजकूर स्वतःचा हवा. डोंगराळ भागातल्या शिक्षकांनी शाळेचं नावही लिहावं.