हाँगकाँगच्या सिगारेट-संचालकांस अनावृत पत्र

मुक्काम हाँगकाँग, फिलिप मॉरिस एशिया या कंपनीच्या सन्माननीय संचालकांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सिगारेटच्या पाकिटावरील मोहक रंग व बोधचिन्हे हटवून तेथे मळकट तपकिरी रंग आणि रोगांची चित्रे छापण्याचा मनसुबा ऑस्ट्रेलियाच्या सरकारने एप्रिल 2010 मध्ये जाहीर केला असता, आपण दहा महिन्यांनी आपल्याच घराण्यातील ऑस्ट्रेलियन कंपनीचे भाग विकत घेतलेत आणि त्या देशाने हाँगकाँगशी 1993 साली केलेल्या गुंतवणूक-संरक्षणाच्या करारनाम्याचा आश्रय घेऊन नुकसानभरपाईची फिर्याद लवादापुढे गुदरलीत, हे पाहून आम्ही थक्क झालो. घराला आग लागल्यावर विमा उतरवणारे महाभाग ऐकिवात आहेत. परंतु विम्याची ती रक्कम बंबवाल्यांकडून मागणारे आपणच पहिले.

त्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने सिगारेट कंपन्यांचे या कायद्याविरुद्धचे म्हणणे 2012 मध्ये सहा विरुद्ध एक अशा मताधिक्याने अमान्य केले होते. तथापि लवादाची कचेरी निराळी असल्याने आपण नाउमेद झाला नाहीत. डिसेंबर 2015 मध्ये लवादानेही, हा हक्काचा दुरुपयोग होय, असे म्हणून फिर्याद दाखल करून घेण्यासच नकार दिला. आपला पराभव झाला, असे अजाण लोक म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या खजिन्यातून या कज्ज्यात सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलर गेले व निम्मेच वसूल झाले, हे त्यांच्या गावीही नसते. शिवाय शेजारचे न्यूझीलंड आपला तसाच कायदा हाती घेऊन निकालाची वाट पाहत बसले आणि तो अमलात यायला 2018 उजाडले. न लढता मिळालेली एवढी मुदत कोणत्या वकिलाने मिळवून दिली असती?

उरुग्वेसारख्या चिमुकल्या देशावर, तेथील कर्करोगतज्ज्ञ अध्यक्षांनी पाकिटाचा 80 टक्के भाग इशाऱ्यांना दिला म्हणून, आपल्या स्विस भावंडांनी असाच दावा लावला होता. तो देश 2016 मध्ये जिंकला खरा, परंतु त्याच्या लढ्याला एका अमेरिकन धनिकाच्या देणगीचा हातभार लागला. प्रत्येक गरीब प्रजासत्ताकाला असा यजमान कोठून लाभणार?

एक वार्ता मात्र जड अंतःकरणाने कळवतो. प्रशांत महासागराच्या काठच्या बारा देशांनी 2016 साली सही केलेल्या व्यापार-करारात, तंबाखू-नियंत्रणाच्या कायद्याविरुद्ध अशी फिर्याद चालू न देण्याची मुभा प्रत्येक सरकारला दिली गेली. परंतु ते कलम तंबाखूपुरतेच असल्यामुळे मद्याचे व साखरपाण्याचे व्यापारी, जे आपले समानधर्मीच, त्यांना तो दरवाजा अद्याप खुला आहे. त्यांस आपला अनुभव अवश्य कळवावा.

लोभ आहे, तो वाढवू नये, ही विनंती.