आधीची गोष्ट, नंतरची घाई

सुपरहिरोच्या पूर्वकथेकडून चाहत्याची अपेक्षा अगदी माफक असते. नायक अजून नायक झालेला नसावा, पण पहिल्याच भागात त्याने झगा फडकावत गच्चीवर उभं राहावं.

२००१ साली 'स्मॉलव्हिल' मालिकेच्या निर्मात्यांनी आधीच बजावलं होतं: पोरवयातला सुपरमॅन ना तो पोशाख घालणार, ना उडणार. चाहत्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि दहा पर्वं, २१७ भाग आभाळाकडे डोळे लावून बसले. २०११च्या अखेरच्या भागात पोशाख आला, तोही ओझरता.

'गॉथम'ने २०१४मध्ये छोट्या ब्रूस वेनला, म्हणजे भावी बॅटमॅनला, पोरकं करून सुरुवात केली. पेंग्विन आला, रिडलर आला, निम्मी खलनायक मंडळी शहर जाळून मोकळी झाली. बॅटमॅन उगवला तो शंभराव्या, म्हणजे शेवटच्या भागात. त्याच्यासाठी काही गुन्हे शिल्लक ठेवले, हेच उपकार.

मग निर्माते आणखी मागे सरकले. २०१८मध्ये 'क्रिप्टन'ने सुपरमॅनचे आजोबा गाठले, २०१९मध्ये 'पेनीवर्थ'ने बॅटमॅनचा बटलर. हा बटलर नक्की कोणाचा, हे कळावं म्हणून तिसऱ्या पर्वात मालिकेच्या नावालाच बॅटमॅनची शेपटी जोडावी लागली.

तेव्हा पुढची पूर्वकथा जाहीर झाली, की एवढं ध्यानात ठेवा: शेवट तुम्हाला पाठ आहे. तो बदलला तर तुम्ही भांडणार, नाही बदलला तर जांभया देणार. आणि दोन्ही वेळा एकही भाग चुकवणार नाही. निर्मात्यांना तेवढंच पुरतं.