सपाटीवरची औषधपेटी

कुरुंदवाडहून खिद्रापूरला जाणारा रस्ता इतका सपाट, की चढ हवाच असेल तर गतिरोधकावर समाधान मानावं लागतं. मजरेवाडी, अकिवाट, राजापूर करत जायचं, आणि दोन्ही अंगांना ऊस. ऊस संपला असं वाटतं, तेव्हा पुढच्या मालकाचा ऊस सुरू झालेला असतो. दरी नाही, कडा नाही. एक हाक मारली तर फडातून चार माणसं कोयत्यांसकट धावून येतील. अशा रस्त्यानं सायकलवरून जाऊन कोपेश्वराचं देऊळ बघून यायचं, एवढाच बेत. त्यासाठी आमच्या दाजींनी पुण्याहून प्रथमोपचाराची जी पेटी आणली, ती पाहून तेनसिंगसुद्धा "एवढं कशाला?" म्हणाला असता.

दाजी सह्याद्रीतले. म्हणजे राहतात कोथरूडला, पण रविवारी सह्याद्रीत असतात. पेटीत शिट्टी होती, चकाकणारं चुरमुऱ्याच्या पाकिटासारखं ब्लँकेट होतं, होकायंत्र होतं.

"होकायंत्र कशाला वो दाजी?"

"वाट चुकली तर?"

इकडं वाट चुकलेला माणूस फार तर कर्नाटकात जातो. तिथंही चहा मिळतो, आणि तो मराठीत मागता येतो.

पेटी रात्री सोप्यात उघडी राहिली आणि घरानं तिच्यात हात घातला. आत्तीनं अमृतांजन टाकलं, कारण तिचं डोकं दुखतं. काकांनी हिंग्वाष्टक टाकलं. कारण सांगायची गरज नाही. कुणीतरी कैलास जीवन ठेवलं. मराठी घरात भाजल्यापासून टाचेच्या भेगांपर्यंत ज्यावर दुसरं काही सुचत नाही, त्यावर ते लागतंच. जो तो आपापलं दुखणं पेटीत ठेवून मोकळा होत होता. शेवटी आईनं हळदीची पुडी खोचली, तेव्हा दाजी हसले.

हळदीला हसू नये. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना 1995 साली 'जखमेवर हळद' याचं पेटंट मिळालं होतं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं, हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालतं याचे लेखी पुरावे पुढे केले, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. हळदीची सांगली आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण पुडी तिनं अशी ठेवली, जणू तो खटला तीच लढली होती.

सकाळी गल्लीतले डॉक्टर चहाला आले. त्यांनी पेटी बघितली, चष्मा काढून पुसला आणि परत बघितली.

"ह्यातलं तुमच्यातल्या कुणाला काय वापरता येतं?"

कोणी बोलेना. डॉक्टरांनी पेटी सतरंजीवर पालथी केली. हळद दुधात घाला म्हणाले. जखमेला आधी भरपूर पाणी आणि साबण. निर्जंतुक गॉझ, चिकटपट्ट्या, मुरगळलेल्या पायाला क्रेप बँडेज, बीटाडिन, हातमोजे, काट्यासाठी चिमटा, कात्री, अंगावर पित्त उठलं तर सेट्रिझिन, तापाला पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं. ज्याला रोजच्या गोळ्या आहेत त्यानं त्या स्वतःच्या खिशात ठेवायच्या आणि कसली अ‍ॅलर्जी असेल ती चिठ्ठीवर लिहायची. त्रिकोणी फडकं त्यांनी प्रेमानं घडी घालून ठेवलं. एस्मार्क नावाच्या जर्मन लष्करी सर्जननं हे फडकं रूढ केलं. कसं बांधायचं त्याची चित्रंच त्यानं कापडावर छापली होती, म्हणजे जखमी सैनिकाला पुस्तक शोधावं लागू नये. मोडका हात गळ्यात अडकवायला अजून त्याहून बरं काही निघालेलं नाही.

मग तळातून ब्लेड आणि नाडी निघाली.

"हे?"

"साप चावला तर," दाजी म्हणाले. "वर बांधायचं, चिरायचं आणि..."

"आणि चोखायचं? सिनेमा बघून आलाय काय?" डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही. अंगठी, कडं काढायचं, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि मोठा दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस घोड्यांच्या रक्तापासून करतात आणि ती शिरेतून द्यावी लागते. "ती ह्या पेटीत मावत नाही," म्हणत त्यांनी ब्लेड स्वतःच्या खिशात घातलं. पेटीची आता पिशवी झाली होती. दाजींनी सगळ्यांची नजर चुकवून होकायंत्र परत आत सरकवलं.

सायकली निघाल्या. आत्ती वडापच्या जीपनं पुढं गेली, आणि तिच्या मांडीवरच्या स्वतःच्या पिशवीत अमृतांजन आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं.

साखर कारखान्यांचे दिवस. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर कानठळ्या बसवणारी गाणी. या रस्त्यावर भ्यायचं ते सापाला नव्हे, मागून येणाऱ्या दोन ट्रॉल्यांच्या जोडीला, आणि त्यावर एकच औषध: आवाज आला की सायकलवरून उतरून कडेला उभं राहणं. अकिवाटजवळ पहिला अपघात झाला. बाभळीचा काटा घुसला, पण टायरात. दाजींनी त्यावर चिकटपट्टी लावून बघितली. पंक्चरवाल्यानं ती सोलून काढली, आमचाच चिमटा मागून काटा उपसला आणि म्हणाला, "लई झ्याक चिमटा हाय. देता का?" दुसरा अपघात भाच्याचा. फुकटचा ऊस मोडायला फडात शिरला आणि पाल्यानं दंडापासून मनगटापर्यंत चिरून आला. फडातली एक बाई दगडीपाला चुरगाळत पुढं आली. दाजींनी तिला हातानंच थांबवलं, हातमोजे चढवले, पाणी ओतलं, साबण लावला. तिनं सगळं बघून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, "मोठं आपरेशन हाय."

खिद्रापूरला पोचल्यावर मात्र सगळे गप्प झालो. स्वर्गमंडपाला मध्यभागी छतच नाही; खांबांच्या वर्तुळावर तेवढंच गोल आभाळ. बाहेर देवळाचा भार पाठीवर घेतलेले दगडी हत्ती रांगेनं उभे आहेत, आणि त्यातल्या एकाचीही पाठ धरलेली दिसत नाही. महादेवासमोर नंदी नाही. तो पलीकडे कर्नाटकातल्या येडूरला आहे म्हणतात.

दाजींच्या टाचेला फोड आला होता. नवे बूट. फोड फोडायचा नाही, वर गॉझ ठेवून पट्टी लावायची, हे त्यांना माहीत होतं. पण ते करायला ते पायरीवर बसले आणि पिशवी उघडली. आत्ती शेजारीच होती. पाच मिनिटांत एक आजी येऊन टेकल्या.

"डाक्टर, गुडघ्याला काय तर बघा की."

"आजी, मी डॉक्टर नाही."

"आसू दे," आत्ती म्हणाली आणि अमृतांजनचं झाकण काढलं.

मग माणसं वाढली. कुणाची पाठ, कुणाचा खांदा. सहलीला आलेल्या एका मास्तरांचं डोकं. अनोळखी माणसाला गोळी द्यायची नाही, यावर दाजी ठाम राहिले, आणि तेच बरोबर होतं. पण बाम चोळायला कुणाची ना नव्हती, आणि परतताना देवळाच्या आवारात निलगिरीचा वास होता.

संध्याकाळी कुरुंदवाडात बासुंदी. दाजींनी तीन वाट्या घेतल्या. दिवसभर सायकल चालवलीय म्हणाले. रात्री दोनला न्हाणीघराचा दिवा लागला, मग परत लागला, मग बंद झालाच नाही. शेवटी पिशवीतली ओआरएसची पाकिटं निघाली.

1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावला मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात मिसळून हजारो माणसं वाचवली. त्याच पाण्याचं आजचं रूप म्हणजे ओआरएस. आमच्या पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं होतं: अख्खं पाकीट, एक लिटर पाणी.

"अर्धं घालू काय?" आत्तीनं विचारलं. "लई खारट हुईल."

"अख्खंच," आतून दाजींचा क्षीण आवाज आला. "आणि लिटर मोजून."

"मोजून कशानं?"

पिशवीत मापाचं भांडं नव्हतं. आत्तीनं शेवटी पाण्याची बाटली शोधून काढली, तिच्यावरचा आकडा वाचायला काकांचा चष्मा घेतला आणि पाकीट ओतता ओतता म्हणाली, "हिंग्वाष्टक तेवढं कुणी काढलं वो ह्यातनं?"