आमचे फुकटचे ३५ किलो

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून थेट ५०० चौरस फुटांत! पेढे वाटून झाले, फोटो काढून झाले आणि मग घरोघरी एकच प्रश्न उभा राहिला. आता या सामानाचं करायचं काय? जागा तिपटीने वाढल्यावर सामानाची अडचण कसली, असं बाहेरच्यांना वाटेल. पण नव्या घरात नवा सोफा येणार, सोफ्याशेजारी आजोबांची पत्र्याची ट्रंक शोभणार नाही, आणि माळाच नाही म्हटल्यावर माळ्यावरचा संसार टेकवायचा कुठे? यावर चाळीचं उत्तर चाळीइतकंच जुनं आहे : गावाला.

मुंबईत जे म्हातारं होतं ते कोकणात जाऊन पुन्हा कामाला लागतं. खरखरणारा टेबलफॅन, एक भांडं हरवलेला मिक्सर, शिट्टीने दगा दिलेला कुकर, थोरल्याने दहावीला वापरलेलं फोल्डिंगचं टेबल. माणसांना निवृत्तीनंतर गावी जाणं जमतंच असं नाही, वस्तूंना मात्र ते चुकत नाही. चाव्यांनंतर बरोबर तेरा दिवसांनी गणपती होते, म्हणजे वाहतुकीचा मुहूर्तही देवानेच काढून दिला होता.

आता यावर रेल्वेचं म्हणणं ऐका. एसी फर्स्टच्या प्रवाशाला ७० किलो सामान फुकट. टू-टायरला ५०, थ्री-टायर आणि स्लीपरला ४०, साध्या सेकंड क्लासला ३५. म्हणजे ज्याचं सामान एका चाकाच्या बॅगेत आणि उरलेलं क्रेडिट कार्डात मावतं, त्याला ७० किलोंची मुभा. आणि ज्याला एका पगारात वरळीचं आणि गावचं अशी दोन घरं चालवायची असतात, त्याला ३५. गरिबाकडे सामान ते कितीसं असणार, असा उदात्त विचार यामागे असावा. ट्रंक-सुटकेसचं मापही ठरलेलं आहे : १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, २५ उंच. हे माप ठरवणाऱ्याने कोकणातला भोपळा पाहिलेला नसणार.

जादा सामान असेल तर गाडी सुटायच्या अर्धा तास आधी लगेज ऑफिसात नेऊन दीडपट दराने बुक करावं. न करता सापडलात तर सहापट. हा नियम आहे जुनाच, पण गणपतीसारखा अधूनमधून वाजतगाजत येतो आणि विसर्जित होतो. मे २०२२ मध्ये रेल्वेने, सामान वाढलं की प्रवासाचा आनंद अर्धा होतो, असा उपदेश केला. दंडाच्या बातम्या सुटल्या, लोक घाबरले, तेव्हा रेल्वेनेच सांगितलं की नवीन काही नाही, दहा वर्षांहून जुनी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा तराजूच्या बातम्या, पुन्हा तोच खुलासा. आनंद अर्धा होतो हे मात्र आम्हाला पटलेलं नाही. गावच्या स्टेशनवर रिकाम्या हाताने उतरून बघा, आनंद कसा पूर्ण नाहीसा होतो ते कळेल.

बरं, तराजू आणलाच, तर मांडणार कुठे? मध्यरात्री दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दोन्ही पाय टेकलेला माणूस भाग्यवान समजतात. वहिनी पोत्यावर बसलेल्या, पोतं परक्याच्या ट्रंकेवर, आणि ट्रंकेचा मालक दाराशी एका दांड्याला धरून. यात कुणाचं वजन कुणाच्या नावावर मांडायचं, हे ठरवायला सनदी लेखापाल लागेल. परतीला तर विचारूच नका. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, नारळ, सुरण आणि वर एक तवसं. साहेबाने हात लावला की आजी खणखणीत आवाजात विचारणार, “तेचा वजन कित्याक करतास रे झिला? देवाचो माल आसा तो!” या कलमाला रेल्वेच्या नियमावलीत उत्तर नाही.

वाटेत एक सुधारणा झाली हे मान्य केलं पाहिजे. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी हमालांना ‘सहायक’ केलं. कोकणचेच मंत्री, त्यांना डोक्यावरच्या ओझ्याची कल्पना असणारच. नाव हलकं झालं, बोचकं तेवढंच राहिलं.

पण खरी कमाल पुढे आहे. आमचा ३६वा किलो जिथे जड होतो, त्याच मार्गावर २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने अख्खी मोटार नेण्याची सोय केली. कोलाड ते वेर्णा, भाडं ७,८७५ रुपये. पुढे नांदगावलाही थांबा दिला. ट्रक तर १९९९ पासून असेच जातात, तेव्हा कल्पना चांगलीच आहे. फक्त कोलाडपर्यंत मोटार आपण हाकत न्यायची, आणि तीही मुंबई-गोवा महामार्गाने. ज्या रस्त्याच्या धसक्याने माणूस रेल्वेकडे धावतो, त्याच रस्त्याने रेल्वेपर्यंत पोहोचायचं! शिवाय डिकीत पंखा, मिक्सर आणि पाटा-वरवंटा भरला, तर ते मोटारीच्या वजनात धरायचं की माझ्या फुकटच्या किलोंत, हा प्रश्न पडतोच. वरळीत ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना टेबलफॅन गावी न्यायचा नसतो, आणि ज्यांना न्यायचा असतो त्यांच्याकडे मोटार नसते.

म्हणून रेल्वेला एवढीच विनंती. तराजू जरूर आणा, फलाटावर ठेवा, आम्ही रांग लावून वजन करून देऊ. पण त्याच दिवशी गाडीला जनरलचे चार डबे जादा जोडा. माणसाला टेकायला जागा मिळाली, की पोतं आपोआप बाकाखाली सरकतं. १६० चौरस फुटांत पिढ्यान्‌पिढ्या संसार रचलेल्यांना सामान कसं लावावं हे शिकवायची गरज नाही.

आणि वाचकहो, आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. गणपतीची तारीख बघून उलटे दिवस आजच मोजून ठेवा. भोपळ्याचं नंतर बघू.