आमच्या विशेष प्रतिनिधीकडून

माझी भाची चिऊ न्यू जर्सीत तिसरीत शिकते आणि उरलेला वेळ वार्ताहर असते. कानामागे पेन्सिल, हातात स्पायरलची वही. मी बॅग खाली ठेवायच्या आत पहिला प्रश्न, "मामा, फ्लाइट लेट का झाली?" काहीही सांगा, पुढचं ठरलेलं : "पुरावा काय?"

हे खूळ पुस्तकांतून शिरलं. इडा सीगल या न्यूयॉर्कच्या टीव्ही वार्ताहर बाईंच्या छोट्या रहस्यकथा 2015 पासून निघाल्या. नायिका एमा पेरेझ, वय आठ, इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही बोलणारी. पहिल्याच पुस्तकात शाळेतल्या बर्गरमध्ये अळी निघते आणि एमा कामाला लागते. तेव्हापासून चिऊ डब्यातली पोळीसुद्धा उलटीसुलटी करून बघते. "अगं, गोष्टीतलं असतं ते," म्हणालो, तर तिने हिल्डी लिसियाक काढली. पेनसिल्व्हेनियातल्या सेलिन्सग्रोव्हची, स्वतःचं वर्तमानपत्र काढणारी, 2016 मध्ये नवव्या वर्षी खुनाची बातमी इतरांच्या आधी देणारी. झालं, माझी बोलती बंद.

चिऊचं खरं भांडवल म्हणजे दोन भाषा. मोठ्यांना काही लपवायचं असलं की ते भाषा बदलतात. आजीला कळू द्यायचं नसेल तर ताई-भावजी भराभरा इंग्रजी झाडतात. शेजारणीला कळू द्यायचं नसेल तर मराठी. चिऊ दोन्हीकडचं लिहून घेते.

जानेवारीत घरातला थर्मोस्टॅट रात्री आपोआप 68 फॅरनहाइटवरून 75वर जायला लागला. बिल पाहून भावजी हादरले. चिऊने तपास हाती घेतला.

"आजी, रात्री तू हॉलमध्ये का गेलीस?"

"पाणी प्यायला."

"पाणी किचनमध्ये असतं."

आजी, म्हणजे माझी आई, शालीत आणखी आत सरकली. "अगं, गुडघे धरतात रात्री. पण बाबाला सांगू नकोस हो, जावयाचं घर आहे."

चिऊने वहीत 'ऑफ द रेकॉर्ड' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

सकाळी फ्रिजवर इंग्रजीत बातमी झळकली : घरातील एका ज्येष्ठ सूत्राच्या माहितीनुसार, रात्री फार गारठा असतो. घरात ज्येष्ठ एकच. भावजींनी निमूटपणे आकडा 72वर नेऊन ठेवला.

चिऊने बातमी आजीला मराठीत वाचून दाखवली. आई फुगूनच बसली. "एवढी मेली माझी बातमी, आणि नाव नाही घातलंस? पुण्याला फोटो पाठवणार होते मी!"